न घडलेल्या अपघातांचे मानकरी

पूल, धरण किंवा बोगदा उभा राहिला की त्याच्या कर्त्याची कीर्ती त्या वास्तूबरोबरच लोकांसमोर उभी राहते. रेल्वेच्या सिग्नल अभियंत्याचे काम मात्र उत्तम झाले असेल तर त्यातून दिसण्याजोगे काहीच घडत नाही, कारण एकाच मार्गावर दोन गाड्या समोरासमोर न येणे हेच त्या कामाचे फलित असते. अशा कामाचा गौरव कशाच्या आधारे करायचा, हा प्रश्न लंडन येथील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ रेल्वे सिग्नल इंजिनिअर्स’ या व्यावसायिक संस्थेसमोर दीर्घकाळ उभा आहे आणि तिने वेळोवेळी सुरू केलेले पुरस्कार ही त्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. ती उत्तरे जितकी आदरणीय आहेत तितकीच अपुरीही आहेत, आणि त्यांचा अपुरेपणा समजून घेणे हे आजच्या रेल्वेच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे.

संस्थेची स्थापना १९१२ मध्ये झाली आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ए. टी. ब्लॅकॉल हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्याआधीच्या अर्धशतकाहून अधिक काळात ब्रिटनमध्ये या शास्त्राचा पाया घातला गेला होता. १८५६ मध्ये जॉन सॅक्स्बी यांनी रुळांचे सांधे, म्हणजे पॉइंट, आणि सिग्नल यांना एकमेकांशी जखडणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले होते, आणि १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सुमारे ८० जणांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग व ब्लॉक पद्धत कायद्याने सक्तीची झाली होती. इंटरलॉकिंग म्हणजे पॉइंट योग्य दिशेला बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल उतरूच न देणारी रचना, तर ब्लॉक पद्धत म्हणजे मार्गाच्या एका ठरावीक भागात एका वेळी एकच गाडी सोडण्याची शिस्त. आज या संस्थेच्या शाखा अनेक देशांत असून त्यांत भारतीय शाखेचाही समावेश आहे.

तिच्या पुरस्कारांपैकी थॉरोगुड शिष्यवृत्ती ज्ञानाचा सन्मान करते. माजी अध्यक्ष डब्ल्यू. जे. थॉरोगुड यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून ती सुरू झाली असून संस्थेच्या परीक्षेत विशेष प्रावीण्य मिळवणाऱ्या तरुण सदस्याला मुलाखतीनंतर कोरीव पदक आणि अभ्यासदौऱ्यासाठी रक्कम दिली जाते. या परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे उमेदवारासमोर रुळांचा केवळ कोरा आराखडा ठेवला जात आला आहे. त्यावर कोठे सिग्नल उभारायचा, गाडीचा वेग व उतार लक्षात घेता ब्रेक लावल्यावर ती किती अंतरात थांबेल, एका गाडीमागून दुसरी किती अंतराने सोडता येईल, आणि चालकाने लाल सिग्नल चुकून ओलांडलाच तर पुढे किती रूळ मोकळा राखायचा, हे सारे त्याने स्वतः ठरवून रेखाटायचे असते. पाठांतराने सुटणारा हा प्रश्न नव्हे. बक्षिसाची रक्कम इतर ठिकाणच्या सिग्नल यंत्रणा पाहण्यासाठी खर्च व्हावी, ही अटही अतिशय शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण आपल्या रेल्वेची रीत हीच एकमेव रीत आहे असा समज या व्यवसायात फार लवकर रुजतो.

डेल पुरस्काराकडे वळताच पुरस्कारापेक्षा ज्यांच्या नावाने तो दिला जातो त्या अभियंत्याकडे लक्ष अधिक ओढले जाते. रॉबर्ट डेल हे लंडन ट्रान्सपोर्टचे मुख्य सिग्नल अभियंता आणि संस्थेचे माजी अध्यक्ष. त्यांच्याच देणगीतून लंडन अंडरग्राउंडमध्ये काम करणाऱ्या सदस्याला सिग्नलच्या शास्त्रातील व वापरातील उच्च कौशल्यासाठी दरवर्षी हा पुरस्कार मिळतो आणि मानकऱ्याचे नाव कोरलेली एक छोटी ढाल मुख्य फलकावर बसवली जाते. १९६८ मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया लाइन ही डेल यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेली कामगिरी होय. या मार्गावर रुळांतून विद्युत स्पंदने पाठवून गाडीला वेगाची आज्ञा दिली जाई. मिनिटाला ४२० स्पंदने आली तर पूर्ण वेगाची मुभा असे, २७० आली तर कमी वेगमर्यादेत मोटर चालू ठेवता येई, १८० आली तर त्याच मर्यादेत पण मोटर बंद ठेवून जावे लागे, आणि स्पंदने येणेच थांबले तर ब्रेक आपोआप लागत. चालकाने दरवाजे बंद करून दोन बटणे एकदम दाबली की पुढच्या स्थानकापर्यंतचा प्रवास गाडी स्वतः करी.

तरीही डेल यांची खरी प्रतिभा ज्यात दिसते ते यंत्र याहून जुने आणि कमी झगमगीत आहे. १९५० च्या दशकात त्यांनी लंडनच्या भुयारी मार्गांवरील जंक्शनांसाठी ‘प्रोग्रॅम मशीन’ बसवायला सुरुवात केली. संगणक रेल्वेच्या आवाक्यात येण्यापूर्वीच्या त्या काळात संपूर्ण दिवसाचे वेळापत्रक प्लॅस्टिकच्या एका रुंद पट्टीवर छिद्रांच्या रूपाने कोरलेले असे. पट्टीवरील छिद्रांची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक गाडी, आणि त्या ओळीतील छिद्रांच्या जागांवरून तिचा क्रमांक, तिची वेळ व तिचे गंतव्य ठरे. यंत्रातील बारीक बोटांसारखे स्पर्शक पट्टीवर टेकत. छिद्र सापडले तेथे विद्युत संपर्क जुळे, आणि त्यातून त्या गाडीसाठी मार्ग लावण्याची मागणी पुढे जाई. गाडी जंक्शन ओलांडून गेली की पट्टी एक ओळ पुढे सरके आणि यंत्र पुढच्या गाडीची वाट पाहू लागे. काही यंत्रे वेळ सांभाळत, काही गाड्यांचा क्रम. गाड्या उशिरा धावू लागल्या तर नियंत्रण कक्षातील माणूस यंत्राला वेळापत्रकाचा आग्रह सोडून ‘जी गाडी आधी येईल तिला आधी वाट’ या पद्धतीवर आणू शके, आणि तेही पुरले नाही तर बटणे दाबून मार्ग स्वतः लावू शके.

या रचनेतील सर्वांत विचारपूर्ण भाग असा की प्रोग्रॅम मशीनला पॉइंट हलवण्याचा थेट अधिकारच नव्हता. ते केवळ मागणी करी, आणि ती मान्य करायची की नाही हे हवेच्या दाबावर फिरणाऱ्या लिव्हरांचे, यांत्रिक खाचांनी जखडलेले, वेगळे इंटरलॉकिंग यंत्र ठरवी. पट्टीवर छिद्र चुकीच्या जागी पडले, तर फार तर एखादी गाडी भलत्या फाट्याला लागे, प्रवासी वैतागत, वेळापत्रक कोलमडे. पण दोन गाड्या एकमेकींवर आदळण्याचा मार्ग त्या चुकीला कधीच मोकळा होत नसे. शहाणपण आणि सुरक्षितता ही दोन कामे डेल यांनी दोन वेगळ्या यंत्रांकडे सोपवली आणि पहिल्याला चुकण्याची मुभा देऊन दुसऱ्याला ती पूर्णपणे नाकारली. हवेच्या फुसकाऱ्यांनी आणि लिव्हरांच्या खटखटीने सतत जिवंत राहणाऱ्या त्या खोल्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ लंडनच्या गाड्या वळवल्या, हे त्या विभागणीचेच श्रेय होय.

विंग पुरस्काराची दृष्टी याहून वेगळी आहे. ब्रिटिश रेल्वेचे कर्मचारी आणि संस्थेचे फेलो पीटर विंग यांच्या स्मरणार्थ १९९४ मध्ये तो सुरू झाला, आणि रुळांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांची सुरक्षितता वाढवण्यासाठी नवी कल्पना मांडणाऱ्या किंवा त्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या व्यक्तीला तो दिला जातो. सिग्नल यंत्रणा प्रवाशांना जे संरक्षण देते ते रुळावर वाकून काम करणाऱ्या माणसाला पुष्कळदा देत नाही, याची ही कबुली आहे.

मात्र या पुरस्कारांच्या कक्षेबाहेर राहिलेला एक कोपरा आहे आणि तो समजण्यासाठी ट्रॅक सर्किट समजून घ्यावे लागते. रुळांच्या एका तुकड्यातून मंद विद्युतप्रवाह सोडलेला असतो आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या टोकाचा रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, वर उचललेला राहतो. गाडीची चाके त्या तुकड्यावर आली की प्रवाह चाकांमधूनच वळतो, रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. वीज गेली, तार तुटली, रूळ भंगला, तरी परिणाम हाच होतो. बिघाड नेहमी सुरक्षिततेच्या बाजूला झुकावा यासाठी विजेऐवजी गुरुत्वाकर्षणावर विसंबणे, हा या शास्त्रातील सर्वांत सुंदर विचार आहे.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ हा विचार हरला. तेथील यंत्रणेच्या नूतनीकरणात एका तंत्रज्ञाने एक जुनी तार रिलेच्या टोकाला सोडवली, पण दुसऱ्या टोकाला ती जोडलेलीच राहिली. सोडवलेले टोक त्याने कापले नाही, त्यावर आवरण चढवले नाही, नुसते बाजूला सारले. अपघाताच्या आदल्या दिवशी शेजारच्या रिलेचे काम करताना ती तार हलली आणि तिचे उघडे टोक पुन्हा जुन्या जागी टेकले. त्यातून रिलेला नको असलेला वीजपुरवठा मिळाला, रुळावर गाडी उभी असूनही तो वरच राहिला, आणि सिग्नल लाल झाला नाही. सोमवारी सकाळच्या गर्दीत ३५ जणांचा मृत्यू झाला. अँथनी हिडन यांच्या चौकशीत उघड झाले की त्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, तारा बाजूला सारण्याची सवय त्याला सबंध नोकरीत कोणी तोडायला लावली नव्हती, आणि काम संपल्यावर दुसऱ्या माणसाने रिलेवरील तारा स्वतंत्रपणे मोजायच्या असतात ती मोजणी झालीच नव्हती.

ती मोजणी झाली असती तर एक तार जास्त सापडली असती, ती कापली गेली असती, आणि तारा मोजणाऱ्याच्या नावाने कोणतीही ढाल कोरली गेली नसती. येथे पुरस्कारांची मर्यादा स्पष्ट होते. परीक्षेतील प्रावीण्य, कल्पक यंत्ररचना, दीर्घ सेवा यांची नोंद करता येते. रात्रपाळीत थकलेला असतानाही टॉर्चच्या उजेडात तारा पुन्हा मोजणाऱ्या माणसाची नोंद करायला घटनाच उपलब्ध नसते. संस्थेने क्लॅपहॅमनंतर यावर जे उत्तर काढले ते पुरस्काराचे नव्हते, परवान्याचे होते. १९९४ मध्ये तिने सिग्नल जोडणारे, तपासणारे, दुरुस्त करणारे व आरेखन करणारे यांच्यासाठी परवाना योजना सुरू केली. तिच्यात माणसाचे काम प्रत्यक्ष पाहून त्या विशिष्ट कामापुरती, ठरावीक मुदतीची मान्यता दिली जाते. संस्थेच्या सर्व पदकांपेक्षा हे मोठे कार्य आहे, कारण गौरव वर्षाला एकाचा होतो आणि परवान्याची कसोटी प्रत्येकाला द्यावी लागते.

तरीही धोका संपलेला नाही, हे भारताला फार मोठी किंमत देऊन कळले. बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर १९२८ मध्ये देशातील पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले, इतकी या शास्त्राची येथील परंपरा जुनी आहे. रिलेला हात लावण्यापूर्वी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो देण्याची आणि काम तपासून झाल्यावरच रिकनेक्शन करण्याची शिस्तही नियमांत पक्की आहे. तरी २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात पॉइंट लूप लाइनला वळलेला असताना कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, ती उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने बोट ठेवले ते सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरफारावर आणि फाटकाच्या बॅरियरच्या बदलाच्या वेळी झालेल्या कामावर. यंत्रणेचे तत्त्व क्लॅपहॅम आणि बहानगा या दोन्ही ठिकाणी निर्दोष होते. हलवलेल्या तारा आणि त्या हलवल्यानंतरची तपासणी, याच जागी दोन्ही वेळा घात झाला.

पुढची अडचण याहून अवघड आहे. १९८५ मध्ये लेमिंग्टन स्पा येथे संगणकावर चालणारे इंटरलॉकिंग कार्यान्वित झाले, आणि त्यानंतर जंक्शनामागून जंक्शनातून रिले निघून त्यांच्या जागी प्रोसेसर येत आहेत. रिलेची तार डोळ्यांनी दिसत होती आणि बोटाने मोजता येत होती; संगणकातील माहितीच्या ओळी तशा मोजता येत नाहीत, आणि त्यांच्या तपासणीसाठी लागणारा माणूस रुळांची भाषा व संगणकाची भाषा दोन्ही जाणणारा असावा लागतो. असे तरुण मिळवायला या व्यवसायाची स्पर्धा सॉफ्टवेअर उद्योगाशी आहे, आणि तिकडे चूक झाली तर प्रोग्रॅम पुन्हा सुरू करता येतो. दुसरीकडे रिलेच्या खोल्यांत आयुष्य काढलेली पिढी निवृत्त होत असली तरी त्या खोल्या अजून सगळ्या निवृत्त झालेल्या नाहीत, आणि जुन्या व नव्या यंत्रणेच्या सांध्यावर, फेरफार चालू असतानाच, चुकांना सर्वाधिक वाव असतो. थॉरोगुड पदक मिळवणाऱ्या तरुणाने दौऱ्यात नवी केंद्रे पाहावीतच. पण एखादी जुनी रिले खोली चालू मार्गावरून उतरवली जात असताना तेथे एक रात्र उभे राहून तारा कोण मोजतो, किती वेळा मोजतो आणि मोजणी जुळली नाही तर सकाळच्या पहिल्या गाडीला थांबवण्याची हिंमत कोणात आहे, हेही त्याने पाहून आपल्या अहवालात नावानिशी लिहावे, अशी अपेक्षा संस्थेने धरायला हरकत नाही.