बेदाण्याच्या खोक्यावरील सांगाडा

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आणि व्हेंचुरा परगण्याच्या शेतांवर परदेशस्थ मजुरांना पकडण्यासाठी पडलेल्या धाडींचा वृत्तांत वाचकांस ठाऊक आहेच. परंतु अशा धाडींचे चित्र एस्तेर एर्नांदेस या चित्रकर्तीने २००८ सालीच छापून ठेवले होते, याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

डायनूबा या कॅलिफोर्नियातील द्राक्षांच्या मुलखात, मेक्सिकन व याकी या आदिवासी वंशाच्या शेतमजूर कुटुंबात, १९४४ साली एस्तेरबाईंचा जन्म झाला. मळ्यांवर फवारलेली कीटकनाशके गावच्या पाण्यात उतरली आहेत, हे कळल्यावर त्यांनी १९८२ साली ‘सन मॅड’ हे मुद्राचित्र केले. ‘सन-मेड’ बेदाण्यांच्या तांबड्या खोक्यावरील, टोपडे घालून द्राक्षांची पाटी धरणारी ती हसरी मुलगी त्यात आहे तिथेच उभी आहे. फक्त तिचा सांगाडा झाला आहे. पुढे २००८ च्या ‘सन रेड’ (रेड म्हणजे धाड) या चित्रामध्ये त्याच सांगाड्याच्या अंगावर मेक्सिकोतील आदिवासी स्त्रियांचा हुइपिल हा अंगरखा आला, मनगटावर ‘आइस’ या परदेशस्थांस हुडकणाऱ्या खात्याची पाळतीची पट्टी आली, आणि सोबत हद्दपारीची हमीही आली.

ताणलेल्या जाळीवरून रबरी पट्टीने शाई ओढायची, दर रंगाला निराळी जाळी लावायची, हे या मुद्राचित्रांचे तंत्र लग्नपत्रिका छापणाऱ्या आपल्या कोणाही कारागिरास अवगत आहे. ते स्वस्त आणि त्याच्या प्रती पुष्कळ, म्हणूनच चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, चळवळीने ते जवळ केले. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) याने मेक्सिकोत सामान्यांसाठी छापलेल्या कागदांवर हसते सांगाडे नाचवले, एस्तेरबाईंच्या सांगाड्याला लाभलेला वारसा तो हाच. कवट्या आणि झेंडूची फुले मांडून ‘अस्मिता’ विकणाऱ्या कलेविषयी प्रस्तुत लेखकास मुळीच आदर नाही; एस्तेरबाईंचा सांगाडा वेगळा ठरतो, कारण तो शोभेसाठी आणलेला नसून विषारी पाण्याचा व राबलेल्या देहाचा पुरावा म्हणून उभा केलेला आहे.

जो कॅलिफोर्निया अमेरिकेशी झालेल्या १८४८ च्या तहापर्यंत मेक्सिकोचाच मुलूख होता, तेथे मेक्सिकन मजुरास उपरा ठरवून त्याच्या मनगटावर ती पट्टी बांधणारे सरकारी फर्मान इतिहासाच्या दप्तरात टिकणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हद्दपारीचा हा प्रश्न परक्यांचा म्हणून कोणी सोडून देऊ पाहील, तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने बेड्या घालून अमृतसरला आणलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते.