तीन सीड, तीन रन आणि एकच मॉडेल

मशीन लर्निंगमध्ये संशोधन करायचं म्हणताय ना? मग लर्निंग रेट, बॅच साइज, सीड हे सगळं कोडमध्ये न कोंबता वेगळ्या वायएएमएल फाइलमध्ये ठेवायचं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. पायथॉनमध्ये त्यासाठी 'हायड्रा' ही लायब्ररी बरीच वापरली जाते. ती प्रत्येक रनसाठी तारीख-वेळेच्या नावाचं फोल्डर बनवते आणि वापरलेली पूर्ण कॉन्फिग त्यात जपून ठेवते. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने "हा आकडा कसा आला?" असं विचारलं की याच फोल्डरचा आधार असतो.

आता गंमत बघा. जुन्या हायड्रात प्रोग्रॅम सुरू झाला की चालू डिरेक्टरी आपोआप त्या नव्या फोल्डरमध्ये बदलायची. तुम्ही नुसतं 'मॉडेल.पीटी' या नावाने सेव्ह केलंत तरी फाइल योग्य जागी पडायची. पण त्याच कारणाने डेटाचे रिलेटिव्ह पाथ तुटायचे. 'फाइल सापडत नाही' हा एरर बघून नवखा माणूस हैराण व्हायचा. म्हणून १.२ आवृत्तीपासून हे डिरेक्टरी बदलणं नव्या डिफॉल्टमध्ये बंद केलं. माझ्या मते सुधारणा योग्यच आहे.

पण समजा, तुम्ही सीनियरचा जुना कोड घेतलात, नवी हायड्रा टाकलीत आणि इंटरनेटवर पाहून 'व्हर्जन बेस' ला 'नन' देऊन टाकलंत. 'नन' म्हणजे जी आवृत्ती बसवली आहे तिचे डिफॉल्ट. मग रात्रभर तीन सीडवर ट्रेनिंग लावलंत. सकाळी कॉन्फिगची तीन फोल्डरं व्यवस्थित आहेत, पण 'मॉडेल.पीटी' एकच, आणि तीही शेवटच्या सीडची. आधीच्या दोन तिच्याखाली पुसल्या गेल्या. एरर नाही, काही नाही. जीपीयूचा वेळ मात्र गेला.

व्हर्जन बेस मुळात याचसाठी आहे. तिथे '१.१' लिहिलंत तर जुनं वागणं टिकतं. काहीच लिहिलं नाही तरी जुनंच चालतं, फक्त एक वॉर्निंग येते (जी आपण कोणीच वाचत नाही). नवा कोड लिहिताना '१.२' किंवा '१.३' स्पष्ट लिहा, आणि फाइल सेव्ह करताना आउटपुट फोल्डरचा पत्ता हायड्राच्या रनटाइम माहितीतून मागून घ्या.

आकडाच बदलू शकतो असा बदल तर त्याआधी, १.१ मध्ये झाला. मुख्य फाइलमध्ये मॉडेलचा लर्निंग रेट ०.०१ आणि मॉडेलच्या फाइलमध्ये ०.००१ असेल, तर पूर्वी मॉडेलची फाइल जिंकायची. आता डिफॉल्टने मुख्य फाइल जिंकते. क्रम हवा तसा ठेवायला डिफॉल्ट्सच्या यादीत 'सेल्फ' ची जागा स्वतः लिहावी लागते.

कोणाचा जुना निकाल पुन्हा काढायला बसलात तर आधी त्या रनच्या फोल्डरमधलं लपलेलं 'हायड्रा' फोल्डर उघडा. त्यातल्या 'हायड्रा' नावाच्या वायएएमएल फाइलमध्ये रनटाइमखाली आवृत्ती लिहिलेली असते. गिटचा कमिट मात्र तिथे आपोआप येत नाही, तो तुमचा तुम्हीच लिहून ठेवा.