श्वासाचं शास्त्र (लेखांक ७) : पंप चालू ठेवा, बेडका बघा

सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराची कारणं गेल्या आठवड्यात पाहिली : विडी-सिगरेट आणि चुलीचा धूर. या रुग्णांचा दम मधूनच एकदम वाढतो. डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात आणि ‘आता औषध सुरू झालंय ना’ म्हणत घरचे पंप कपाटात ठेवून देतात. खरं तर दोघांची कामं वेगळी. पंपातलं सॅल्ब्युटामॉल किंवा इप्राट्रोपियम आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं. जंतूंना ते हातही लावत नाही. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, पण आवळलेली नळी त्याने लगेच सुटत नाही. त्यामुळे दम वाढला की आधी पंप किंवा नेब्युलायझर. गरज वाटली तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात.

मग अँटिबायोटिक कुणाला? कॅनडातल्या विनिपेगच्या निकोलस अँथोनिसन यांनी हे तपासून १९८७ साली निष्कर्ष छापले. १७३ रुग्णांचा दम ३६२ वेळा बिघडला. निम्म्या वेळी अँटिबायोटिक दिलं, निम्म्या वेळी हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी. दम वाढणं, बेडका वाढणं आणि बेडका पिवळा-हिरवा होणं, ही तिन्ही लक्षणं असताना अँटिबायोटिकने ६३ टक्के वेळा गुण आला, नुसत्या गोळीने ४३ टक्के. एकच लक्षण असेल तर म्हणावा असा फरक पडला नाही. आजही डॉक्टर या तीन प्रश्नांवर भिस्त ठेवतात. म्हणून बेडका बेसिनमध्ये टाकून नळ सोडण्याआधी पांढऱ्या कागदावर उजेडात एकदा बघा. किळस येते खरी, पण रंग विचारला की ‘नेहमीसारखाच’ हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नसतं.

एक जोडी मात्र जपून. आपल्याकडे पुष्कळ जुन्या रुग्णांना डेरिफायलिनसारखी थिओफायलिन असलेली गोळी चालू असते. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनची भर पडली, की यकृत थिओफायलिनचा निचरा हळू करतं आणि ते रक्तात साठतं. मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड; फारच वाढलं तर झटकेही येतात. धडधड आणि कंप पंपानेही होऊ शकतात, त्यामुळे घरातले बिचाऱ्या पंपाला दोष देतात आणि तोच बंद करतात. गुन्हेगार मोकळा आणि दम पुन्हा वाढलेला! असं झालं तर मनाने काही बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

फुप्फुसात थेट ओढायची अँटिबायोटिकंही आहेत, उदाहरणार्थ सिस्टिक फायब्रोसिसमधलं टोब्रामायसिन. पण म्हणून इंजेक्शनची कुपी घरच्या नेब्युलायझरमध्ये ओतायची नाही.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि पंप एका पिशवीत घालून न्या, आणि नवी चिठ्ठी लिहिण्याआधी ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.

(पुढील आठवड्यात : स्पेसर कसा वापरायचा)