चाकांचे स्टूल : सुटे भाग जोडताना ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचा विचार

भिवंडीची ओळख दीर्घकाळ यंत्रमागांचे शहर अशी होती. गेल्या काही वर्षांत माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या शिवारात, जेथे पूर्वी भातशेती होत असे, तेथे प्रचंड गोदामे उभी राहिली. मुंबई-ठाण्यातील घरांत ऑनलाइन मागवलेल्या असंख्य वस्तू या गोदामांतून येतात. त्यांतच सपाट खोक्यातून, सुट्या भागांच्या स्वरूपात येणारे चाकांचे स्टूलही असते. मुळात ते गॅरेजमधील वा कारखान्यातील कारागिरासाठी बनवलेले. परंतु गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणारी ज्येष्ठ मंडळी आता त्यावर बसून भाजी निवडतात, देवपूजा करतात, कुंड्यांना पाणी घालतात. सोय मोठी आहे, म्हणूनच तिच्यातील धोका नीट समजून घ्यायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात स्टुलावरून घसरणेही खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे ठरते.

दोष कोठे असतात?

पहिला दोष पायांच्या संख्येत असतो. केंद्रापासून चाकापर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर धरले, तर चार पायांच्या स्टुलात कलंडण्याची रेषा केंद्रापासून सुमारे १८ सेंटिमीटरवर येते. पाच पायांच्या स्टुलात ती २० सेंटिमीटरवर जाते. वाकून जमिनीवरची वस्तू उचलणाऱ्या माणसाला या दोन सेंटिमीटरचा मोठा आधार असतो.

दुसरा दोष जोडणीत. स्वस्त स्टुलाच्या बोल्टचे आटे नीट कापलेले नसतात, भोके एकमेकांसमोर येत नाहीत, स्प्रिंग वॉशर दिलेले नसतात. लाकडी भुशाच्या फळीत बसवलेला स्क्रू दोनतीनदा काढघाल केली की पकड सोडतो. पायांचे वेल्डिंग अर्धवट असल्यास प्रथम रंगावर बारीक रेघ उमटते आणि पुढे तेथेच तडा जातो.

तिसरा दोष चाकांचा. कडक नायलॉनची चाके गुळगुळीत लादीवर, विशेषतः ओल्या लादीवर, सहज घसरतात. ज्येष्ठ व्यक्ती उठताना शरीराचा भार मागे ढकलते. त्याच क्षणी स्टूल मागे सरकते. ब्रेक एकाच चाकाला असेल, तर स्टूल त्या चाकाभोवती गोल फिरते.

जोडताना व वापरताना

सर्व बोल्ट आधी हाताने सैल बसवावेत. मग स्टूल सपाट जमिनीवर ठेवून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घट्ट करावेत. प्रत्येक चाक खाली ओढून पाहावे. ते हाती आले, तर खाच सैल आहे असे समजावे. त्यानंतर घरातील सुदृढ व्यक्तीने भिंतीजवळ बसून, चारही दिशांना हळू कलून पाहावे. कुरकुर ऐकू आली किंवा बैठक डुलली, तर ज्येष्ठांना त्यावर बसू देऊ नये. आठवड्याने बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण वापरामुळे ते सैल होतात.

बैठकीची उंची अशी असावी की तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना बुटकी बैठक धोक्याची असते. चक्कर, कंपवात, पक्षाघात किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांसाठी चाकांचे स्टूल नकोच. त्यांना हात असलेली, चार पायांची स्थिर खुर्ची द्यावी. स्टुलावर चढून फळीवरची वस्तू काढणे सर्वांनाच वर्ज्य.

खरेदी आणि तक्रार

खुर्च्या व स्टुलांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७६३२ हे मानक आहे. खरेदीपूर्वी आयएसआय चिन्ह पाहावे व त्याखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासावा. कमाल वजनक्षमता लिहिलेली नसेल, तर ती वस्तू ज्येष्ठांसाठी घेऊ नये.

खोके उघडतानाच चित्रफीत काढावी. सदोष भागाचे छायाचित्र आणि पावती जपून ठेवावी. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादकाकडून भरपाई मागता येते. त्यासाठी दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते.

तरीही कोणी पडलेच, तर घाईने उचलू नये. खुब्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हालचाल न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तक्रार नंतरही करता येते. सदोष स्टूल मात्र तोवर वापरातून काढावे, पण टाकून देऊ नये. तेच आपला पुरावा असते.