छातीतली कळ आणि यंत्राचा शेरा
मुळशीत ताम्हिणी घाटाकडच्या गावात रात्री छातीत कळ आली, तर पुण्यातले मोठे रुग्णालय लांब पडते. रक्तवाहिनी बंद राहिली की हृदयाचा स्नायू मरत जातो; म्हणून ईसीजी जवळच, लगेच निघायला हवा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे. त्याचा १२ लीडचा आलेख मोबाइलवरून तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो. संगणकही ठोक्यांमधले अंतर मोजतो, उंचावलेला ‘एसटी’ भाग ओळखतो. मात्र झटक्याच्या सुरुवातीला आलेख सामान्यही दिसू शकतो. दुखणे थांबले नसेल, तर ‘नॉर्मल’ शेऱ्यावर विसंबून घरी परतू नका. ईसीजी पुन्हा काढून घ्या. पित्त समजून सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.