पोराच्या हाताला हिकमत येऊ द्या



दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात. पेढे संपले की घरात खरा प्रश्न उभा राहतो : आता पोरानं करायचं काय? शेतात राबायला त्याला कमीपणा वाटतो. पुढे वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम मागायला गेलं, तर तिथं पहिला प्रश्न येतो, "तुला येतं काय?" शाळेत इतकी वर्षं त्याला हे कुणी विचारलेलंच नसतं. तिथं विचारलं गेलं ते एवढंच, की पाठ काय आहे.

आपल्या जिल्ह्याला हाताच्या कसबाचं वावडं नाही. पैठणच्या मागावर पैठणी विणली जाते, शहरात हिमरू विणला जातो. विणकराचं पोर मागाजवळ बसून धागे मोजायला शिकतं, नक्षी कशी उठते हे डोळ्यांनी टिपतं. पण हे शिक्षण घरात होतं. शाळेच्या दाराशी आलं की हात खिशात आणि डोकं पुस्तकात, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे.

पाबळचा धडा

ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं : माणूस काम करता करता शिकतो, मग शाळाही तशीच चालवावी.

यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग शिकायचे. म्हणजे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा पदार्थ बनवून त्याचा खर्च काढतो. शिकवायला गावातलाच जाणकार कारागीर. केलेलं काम गावाच्या उपयोगी पडेल असं, आणि त्याचा हिशेब मुलांनी ठेवायचा. डॉ. कलबाग २००३ साली वारले, पण हा विषय पाबळच्या बाहेर राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला.

तशी कल्पना जुनीच. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. आपण त्याची सूतकताई केली आणि मूळ विचार विसरलो.

एका पोत्यात गणित आणि विज्ञान

"पोराला शाळेत शिकायला पाठवलं, खड्डे खणायला नाही," असं पालक म्हणतात. त्यांचं बोलणं रास्त आहे. नुसतं राबवून घ्यायचं असेल तर शाळा कशाला? म्हणून हाताचं काम आणि हाताचं शिक्षण यातला फरक समजून घ्या. उदाहरण आमच्या खात्यातलंच देतो.

पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासा, असं आम्ही दरवर्षी सांगतो. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. बियाण्यातून न निवडता १०० दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. ओल टिकवायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० उगवले तर उगवण ७० टक्के. ६० च उगवले तर? ७० टक्क्यांना एकरी ३० किलो बियाणं धरतात, मग ६० टक्क्यांना किती? मांडा त्रैराशिक : ३५ किलो.

शेकडेवारी, त्रैराशिक, बीज कसं रुजतं, सगळं एका गोणपाटात आलं. आणि वर बापाचा हंगाम वाचला. पुढचं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. एका गुंडाळीत कमी दाणे उगवले, दुसरीत जास्त. असं का झालं? ओल कमी पडली, दाणा मळणीत फुटला, की बियाणंच जुनं? पोरं तर्क लढवतात, पुन्हा करून बघतात. यालाच आपल्याकडे हिकमत म्हणतात. यंत्र बदलेल, पीक बदलेल, पण हिकमत असलेला माणूस अडून बसत नाही. कारखान्यालाही असाच माणूस लागतो आणि शेतीलाही.

तुम्ही काय कराल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे. तेव्हा शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, आपल्याकडे हे दहा दिवस कसे होतात? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढा.

मागणी करून थांबू नका, आपलाही हातभार लावा. कुणाला मोसंबीचा डोळा भरता येतो, कुणाला मोटार दुरुस्त करता येते, कुणा ताईचा शिवणकामात हात बसलेला आहे. शाळेला वर्षातून दोन दिवस द्या. धारदार हत्यार किंवा विजेचं काम असेल तेव्हा जाणता माणूस मुलांजवळ उभा हवाच, एवढं मात्र पाळा.

घरीही एक करा. पोरानं काही खोलून बघितलं, बिघडवलं, तर लगेच रागावू नका. "परत जोडता येतं का बघ," म्हणा. मार्कांची चौकशी करतोच आपण. त्याबरोबर रोज एवढं विचारा, "आज काय करून बघितलंस?"