कागदावर साडेचारशे जीबी? आधी गणित करा!

नोव्हेंबर २००६ मध्ये केरळमधून आलेली एक बातमी बघता बघता जगभर पोहोचली. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने साध्या कागदावर ९० ते ४५० जीबी माहिती साठवण्याची युक्ती शोधल्याचे त्या बातमीत म्हटले होते. माहितीचे रूपांतर रंगीत वर्तुळे, चौकोन, त्रिकोण यांत करायचे, ते आकार कागदावर छापायचे आणि स्कॅनरने पुन्हा वाचायचे, अशी ती कल्पना. नावही आकर्षक होते, ‘रेनबो’ तंत्रज्ञान. त्या काळी डीव्हीडीवर ४.७ जीबी माहिती मावत असे. म्हणजे एका कागदात जवळजवळ शंभर डीव्हीडी!

बातमी वाचून अनेकांना आनंद झाला. कागद स्वस्त असतो, सहज कुजतो, प्लास्टिकचा कचरा होत नाही. शिवाय शोध भारतीय विद्यार्थ्याचा. पण काही दिवसांतच जगभरातील संगणकतज्ज्ञांनी शंका घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळेची गरज पडली नाही. शाळेत शिकवलेला गुणाकार पुरेसा होता.

ठिपक्यांचा हिशेब

चांगला प्रिंटर एका इंचात १२०० ठिपके छापतो. म्हणजे एका चौरस इंचात १४ लाख ४० हजार ठिपके. ए-४ आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ९७ चौरस इंच. म्हणून संपूर्ण कागदावर, कडेला जराही समास न सोडता, साधारण १४ कोटी ठिपके बसतात.

संगणकाची माहिती शून्य आणि एक यांत लिहिलेली असते. अशा एका अंकाला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. ठिपका काळा किंवा पांढरा असेल, तर त्यात एकच बिट मावतो. या हिशेबाने कागदावर सुमारे १७ एमबी माहिती बसेल. हजार एमबी म्हणजे एक जीबी, हे लक्षात घेतले की ९० जीबी किती दूर आहे ते कळते.

मग रंग वापरले तर? इथेच बहुतेकांची फसगत होते. रंग दुप्पट केले की माहितीही दुप्पट होते, असे वाटते. प्रत्यक्षात रंग दुप्पट केले, तर प्रत्येक ठिपक्यात फक्त एक बिट वाढतो. चार रंगांत दोन बिट, आठ रंगांत तीन, २५६ रंगांत आठ. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या १ कोटी ६७ लाख रंगछटा प्रत्येक ठिपक्यात वेगवेगळ्या छापता आल्या आणि स्कॅनरने त्यातली एकही न चुकता ओळखली, तरी एका ठिपक्यात २४ बिट होतात. संपूर्ण कागदात सुमारे ४१८ एमबी. अर्धा जीबीसुद्धा नाही.

९० जीबीचा दावा खरा ठरायचा, तर प्रत्येक ठिपक्यात पाच हजारांहून अधिक बिट कोंबावे लागतील. त्यासाठी लागणाऱ्या रंगांची संख्या दीड हजारांहून अधिक अंकी आहे. दृश्य विश्वातील अणूंची अंदाजे संख्या लिहायला ऐंशीच्या आसपास अंक पुरतात!

आकारांनी काय साधते?

‘आमच्याकडे नुसते ठिपके नाहीत, आकार आहेत,’ असा युक्तिवाद यावर होऊ शकतो. पण त्रिकोण किंवा वर्तुळ छापायचे, तर तेही ठिपक्यांचेच बनते. समजा, चार बाय चार अशा १६ ठिपक्यांचा एक चौकोन घेतला. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा असेल, तर त्यातून ६५,५३६ वेगवेगळ्या नक्ष्या तयार होतात आणि १६ बिट साठवता येतात. त्याच जागेत फक्त चार ठरावीक आकारांपैकी एक छापायचा म्हटला, तर दोनच बिट मिळतात. म्हणजे आकार वापरल्याने साठवण वाढत नाही, घटते.

माहिती आवळून, ‘कॉम्प्रेस’ करून बसवू, हा उपायही फार पुढे नेत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ मध्येच दाखवून दिले, की माहितीतील पुनरुक्ती काढून टाकता येते. पण ती संपली की त्याखाली जाता येत नाही. चित्रपट आणि गाण्यांच्या फायली तर आधीच आवळलेल्या असतात.

प्रत्यक्ष कागद याहून बेभरवशाचा. १२०० ठिपक्यांच्या छपाईत एक ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. कागदाचे तंतूही जवळपास तेवढ्याच जाडीचे. शाई त्या तंतूंमधून पसरते, रंग विटतात, घडी पडते, पावसाळ्यात कागद ओल धरतो. डीव्हीडीवर माहितीच्या दोन ओळींमधील अंतर पाऊण मायक्रॉनहूनही कमी असते. शाईला तिथवर जाणे शक्य नाही.

मग प्रात्यक्षिकाचे काय? कागदावरून ४५ सेकंदांची चित्रफीत चालवून दाखवल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. त्यात अशक्य असे काही नाही. हलक्या प्रतीची, सेकंदाला आठ किलोबाइट लागणारी चित्रफीत असेल, तर ४५ सेकंदांना ३६० किलोबाइट पुरतात. ठिपक्यांच्या हिशेबात ते कागदावर बसते. मात्र ३६० किलोबाइटवरून ९० जीबीवर जायचे, तर अडीच लाख पट उडी मारावी लागते. छोटे प्रात्यक्षिक खरे असले, म्हणून मोठा दावा सिद्ध होत नाही.

कागदाची खरी ताकद

कागदावर डिजिटल माहिती साठवणे ही कल्पना मात्र मुळीच वेडगळ नाही. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये आणलेला क्यूआर कोड हेच करतो. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. त्याच्या सर्वांत सुरक्षित प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला, तरी माहिती परत मिळते; कारण बरीचशी जागा मुद्दाम चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. मायक्रोसॉफ्टने रंगीत त्रिकोणांचाच बारकोड तयार केला होता. आठ रंग वापरून त्यात एका चौरस इंचात सुमारे दोन हजार बाइट बसत. ‘रेनबो’चा किमान दावा याच्या साडेचार लाख पट होता.

थोडी माहितीही मोठे काम करते. कोविड लसीकरणाच्या प्रमाणपत्रावरील क्यूआर कोडमध्ये लसीची नोंद आणि तिच्या खरेपणाची डिजिटल सही, दोन्ही होत्या. आधार पत्रावरील कोडमध्ये नाव-पत्त्याबरोबर छोटे छायाचित्रही असते. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० प्रमुख ब्रँडवर असा कोड छापणे बंधनकारक झाले. बनावट औषध ओळखायला त्याचा उपयोग होतो. रुग्णाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे एवढे तपशील कागदावर आरामात मावतील. शेकडो एमबींचा सीटी स्कॅन मात्र मावणार नाही.

नव्या दाव्यावर शंका घेणे म्हणजे संशोधकाचा अपमान नव्हे. विज्ञानात प्रत्येक दावा याच वाटेने जातो. शाळकरी गुणाकाराने तपासता येणारा आकडा न तपासता छापला गेला आणि कौतुकाचे ओझे एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर पडले. वेळीच कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसले असते, तर त्यालाही मदत झाली असती. पुढच्या वेळी अशी बातमी मोबाइलवर आली, तर ती पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. एका ठिपक्यात किती बिट? आणि असे एकूण ठिपके किती? उत्तर पाच मिनिटांत मिळते.